हनुवटीवरचा कागद

मंदाकिनी ॲडमिट होणार त्याच्या आदल्या दिवशी सगळे बिबवेवाडीला जेवायला जमले, आणि पहिला अर्धा तास कोणी काय सोडलंय यातच गेला.

सोबत धरण्याची ही पद्धत मंदाकिनीच्या सासूबाईंची, यमुनाबाईंची. वैद्यांनी त्यांच्या नवऱ्याचं मीठ बंद केलं तेव्हा त्यांनी आपलंही बंद केलं, आणि नवरा गेल्यावरही ते पुन्हा सुरू केलं नाही. तेव्हापासून या घरात कोणावर अवघड वेळ आली, मग ते बाळंतपण असो की बोर्डाची परीक्षा, की बाकीच्यांनी आपलं काहीतरी सोडून त्याला सोबत करायची असा रिवाज पडला. यमुनाबाईंची अट एकच होती. काय सोडलं ते वेळ निभावेपर्यंत बोलायचं नाही, बोललं की त्यातला अर्थ जातो. ही अट त्यांच्याबरोबरच गेली. हल्ली कोणी काय सोडलं ते घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहीर होत असे आणि त्याखाली हात जोडल्याची चित्रं येत.

मंदाकिनीच्या मुलाने, आमोदने, चहा सोडला होता, आणि तेव्हापासून त्याच्याशी बोलायची सोय उरली नव्हती असं त्याच्या बायकोचं, स्पृहाचं, म्हणणं होतं. त्याच्या थोरल्या बहिणीने, सुरुचीने, गोड सोडलं होतं. वाघोलीहून येताना तिनेच जिलबी आणली होती आणि आता ती पुड्याकडे पाठ करून बसली होती. आमोदचा केयूर इंजिनिअरिंगला होता. त्याने रील्स बघणं सोडलं होतं.

"पूर्ण?" सुरुचीने विचारलं.

"आत्या, मोस्टली."

"आणि स्पृहा, तू गं?"

"मी उलट बोलणं सोडलंय, ताई," स्पृहा म्हणाली.

यावर सगळे हसले, आमोद सोडून.

"बाबा, तुम्ही?"

श्यामराव टेबलावरच्या केळीच्या पानांना कात्रीने सारखं करत होते. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांना काहीही वाकडं बघवत नसे. "मी यमुनाबाईंचा मुलगा आहे," ते म्हणाले. "निभावलं की सांगेन. तोवर जेवा."

मंदाकिनीला हे आवडलं. सकाळपासून तिला सगळंच आवडत होतं, अगदी आमोदची चिडचिडसुद्धा. तिने अख्खी नोकरी मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवण्यात काढली होती. लेझीम, कवायत, खो-खो. गुडघ्यांनी मात्र तिच्या आधीच निवृत्ती घेतली. ज्या बाई मैदानाला फेऱ्या मारायला लावायच्या, त्या आता मोरीच्या उंबऱ्यापुढे थांबून आधी कुठला पाय टाकावा याचा विचार करायच्या. ऑपरेशन गेली काही वर्षं या ना त्या कारणाने पुढे जात होतं. आधी केयूरची बारावी, मग सुरुचीचं घर बदलणं, मग श्यामरावांची अँजिओप्लास्टी. दर वेळी "माझं काय, होईल सावकाश" असं तीच म्हणायची, आणि दर वेळी घरचे तिला समजूतदार म्हणायचे. या समजूतदारपणाचा तिला आता वीट आला होता. श्यामराव रोज सकाळी तळजाईच्या टेकडीवर जाऊन यायचे आणि परत आल्यावर मोर दिसला की नाही ते सांगायचे. दुसऱ्याच्या डोळ्यांनी किती दिवस मोर बघायचे?

या वेळी सगळं जुळून आलं होतं. मंगळवारी सकाळी ऑपरेशन, उद्या दुपारी ॲडमिट. तिच्या हृदयाचे ठोके अधूनमधून ताल सोडत, म्हणून रक्ताची गुठळी होऊ नये यासाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी तिला रोज असे. ती शनिवारपासून बंद केली होती. ऑपरेशनच्या वेळी रक्त थांबायला हवं, असं गुडघ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. नंतर गोळी परत सुरू, कारण पाय पडून राहिला की गुठळीची भीती जास्त. हृदयाच्या डॉक्टरांनीही याला मान हलवली होती. श्यामरावांनाही अशीच एक गोळी होती, पण ती वेगळी, स्टेंट तुंबू नये म्हणून. घरात मात्र दोन्ही गोळ्यांना 'पातळ गोळी' असं एकच नाव पडलं होतं. रात्रीचं जेवण झालं की मंदाकिनी दोन वाट्यांत दोघांच्या गोळ्या काढायची. ती आपली तिथेच घ्यायची आणि श्यामराव आपली वाटी आणि पाण्याचं भांडं घेऊन बाल्कनीत जायचे.

मसालेभात वाढून झाला तसा खरा विषय निघाला.

"हॉस्पिटलमधून आई थेट वारज्याला आमच्याकडे येईल," आमोद म्हणाला. "लिफ्ट आहे, बाथरूममध्ये दांडे बसवून घेतलेत."

"माझा तळमजला आहे," सुरुची म्हणाली. "लिफ्ट बंद पडते, तळमजला पडत नाही. आणि मी घरून काम करते. तुम्ही दोघं सकाळी नऊला बाहेर."

"वाघोलीहून हॉस्पिटलला तपासणीला न्यायचं म्हणजे अर्धा दिवस रस्त्यात, ताई."

"मग बाबांना मी नेते. आई तुझ्याकडे, बाबा माझ्याकडे. भार वाटला जाईल."

"मी अजून इथेच बसलेय," मंदाकिनी म्हणाली.

"आणि भार मठ्ठा घेतोय," श्यामराव म्हणाले आणि पातेल्याकडे वाकले.

ते वाकले आणि खिडकीतलं ऊन त्यांच्या हनुवटीवर पडलं. तिथे ब्लेडची एक बारीक रेघ होती. आजचीच, पण सुकलेली, मिटलेली. मंदाकिनीचा वाढायचा हात थांबला.

अँजिओप्लास्टी झाल्यापासून श्यामरावांची दाढी हा घरातला रोजचा प्रसंग झाला होता. दाढी करताना चष्मा लावायचा नाही हा त्यांचा बाणा, त्यामुळे कुठे ना कुठे कापायचंच. आणि गोळीमुळे रक्त लवकर थांबायचं नाही. तुरटी फिरवून झाली की ते कालच्या वर्तमानपत्राचा कपटा फाडून त्यावर चिकटवायचे आणि तसेच न्याहारीला येऊन बसायचे. "आज अग्रलेख की छोट्या जाहिराती?" असं ती विचारायची. आज तिने विचारलं नव्हतं. कालही नव्हतं. तिला आठवेना की शेवटचं कधी विचारलं होतं. ऑपरेशनच्या गडबडीत तिचं लक्षच गेलं नव्हतं. कापलं होतं आणि कागद नव्हता, आणि रक्त आपणहून थांबलं होतं.

काय सोडलंय ते तिला एका क्षणात कळलं. इतकी वर्षं या माणसाबरोबर काढल्यावर कळायला वेळ लागायचं कारणच नव्हतं.

गप्प बसणं सोपं होतं. मंगळवार पार पडला की हा माणूस आपणहून गोळी सुरू करणार होता. आत्ता बोललं तर पुढचं सगळं तिला पाठ होतं. आमोद म्हणणार, आधी बाबांचं बघू. सुरुची म्हणणार, बरोबर आहे. आणि ती स्वतः म्हणणार, माझं काय, होईल सावकाश. मग तळजाई नाही आणि मोर नाही. दोन दिवसांनी काय होतंय, असा विचार तिच्या मनात आला, आणि आला याचीच तिला भीती वाटली. गेल्या वर्षी याच खोलीत ते छाती धरून भिंतीला टेकले होते.

"अहो," ती म्हणाली, "आज कागद नाही?"

"कसला कागद?"

"हनुवटीवरचा."

"आज दाढी नीट झाली."

"कापलंय. मला दिसतंय इथून. थांबलं कसं?"

"तुरटी चांगली आहे."

"तुरटी गेल्या वर्षीपासून तीच आहे." तिने डाव खाली ठेवला. "तुम्ही काय सोडलंय?"

"निभावल्यावर सांगायचं असतं."

"मी आत्ता विचारतेय."

श्यामरावांनी मठ्ठा संपवला, भांडं सरळ ठेवलं आणि उठून आत गेले. परत आले ते जुन्या चष्म्याचं घर घेऊन. त्यांनी ते उघडून मंदाकिनीच्या पानाशेजारी ठेवलं. आत पांढऱ्या गोळ्या होत्या.

"टाकल्या नाहीत," ते म्हणाले. "औषध वाया घालवायचं नाही."

क्षणभर कोणालाच काही कळलं नाही. मग केयूरला कळलं. "आजोबा, ही तुमची ब्लड थिनर? तुम्ही बंद केलीत? तुमच्या छातीत स्टेंट आहे!"

"माहीत आहे. माझ्याच छातीत आहे."

"ब्लॉक झाला असता तर?"

"झाला नाही ना."

"ते लक आहे आजोबा, लॉजिक नाही."

"बाबा, पण का?" सुरुचीचा आवाज चढला होता.

"तुझ्या आईला जे सोडायला लावलं तेच मी सोडलं. माझ्या आईने मीठ सोडलं ते वडिलांचं मीठ बंद होतं म्हणून. त्यांनी मीठ सोडायचं आणि हिने चहा, याला सोबत म्हणत नाहीत." आमोदचा चेहरा पडला. "डॉक्टर म्हणाले, हिला दोन-चार दिवस बंद केली तर चालेल. हिला चालतं तर मला काय धाड भरलीय?"

"तिची शनिवारी बंद झाली. तुम्ही कधीपासून?" आमोदने विचारलं.

"तारीख ठरली त्या दिवसापासून. सगळ्यांनी तेव्हाच धरली. शेवटच्या दिवशी धरायची तर ती सोबत कसली?"

मंदाकिनीला रडू आलं आणि संतापही आला, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे कुठलंच धड बाहेर पडेना. रोज रात्री वाटी घेऊन बाल्कनीत जाणारा, गोळी खिशात टाकून वर पाणी पिणारा हा माणूस. इतक्या प्रेमाने कोणी तिच्यासाठी काही केलं नव्हतं, आणि इतकं मूर्खासारखंही नव्हतं.

"सुरुची," ती म्हणाली, "हृदयाच्या डॉक्टरांना फोन लाव. आत्ता."

सुरुचीने फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा पानांच्या मधोमध ठेवला. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं.

"काका," ते म्हणाले, "मी तुम्हाला उपास सांगितला होता का?"

"नाही."

"काकूंची गोळी वेगळी, त्यांचं कारण वेगळं. त्यांची बंद केली ती विचार करून, आम्ही दोन डॉक्टरांनी बोलून. तुमची तुम्ही बंद केलीत ती न विचारता. छातीत दुखतंय? दम लागतोय? घाम?"

"काही नाही. कालही तळजाईला जाऊन आलो."

"मग आजची गोळी आत्ता माझ्यासमोर घ्या. एकच. राहिलेल्या भरून काढायच्या नाहीत. आणि लगेच इकडे या, कार्डिओग्राम काढू. मी आज इथेच आहे."

श्यामरावांनी चष्म्याच्या घरातली गोळी उचलली तशी स्पृहाने त्यांचा हात धरला, ती परत ठेवायला लावली आणि आतून नवी पाकिटातली आणून दिली. त्यांनी ती घेतली, आणि कोणी मागितलं नसताना जीभ बाहेर काढून दाखवली.

"झालं," आमोद उठत म्हणाला. "मी बाबांना घेऊन जातो. आणि ताई, गुडघ्याच्या डॉक्टरांना कळव, ऑपरेशन पुढे ढकलतोय म्हणून."

"हो, कळवते. बाबांचं असं असताना आईला आत न्यायचं म्हणजे दोन्हीकडे लक्ष कोण देणार?"

सकाळपासून या भावंडांचं एकमत झालेलं हे पहिलंच. मंदाकिनीने दोघांकडे पाहिलं. तिचं तोंड उघडलं आणि सवयीने तेच वाक्य बाहेर यायला लागलं. "बरोबर आहे, माझं काय..."

"आई, पुरे," स्पृहा म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"गोळी बाबांनी चुकवली. ऑपरेशन आईंचं का चुकायचं? केयूरच्या बारावीला थांबलं. ताईंच्या घराला थांबलं. बाबांच्या अँजिओप्लास्टीला थांबलं, ते ठीक, ते खरंच होतं. आता बाबा इथे बसून मठ्ठा पितायत. आईंना कोणी विचारलं का, तुम्हाला काय वाटतं म्हणून?"

"तू उलट बोलणं सोडलं होतंस ना?" आमोद म्हणाला.

"सोडलं होतं. मोडलं. आणि आणखी एक. आई वारज्याला आणि बाबा वाघोलीला, असलं काही होणार नाही. एकत्र असताना हे असं करतात, लांब ठेवलं तर काय करतील? दोघंही आमच्याकडे येतील. ताई, तुम्ही काम घेऊन दिवसा तिथेच या. आमच्याकडे वायफाय आहे."

सुरुची म्हणाली, "स्पीड किती?" तेव्हा मंदाकिनीला समजलं की ते ठरलं.

"ऐका," मंदाकिनी म्हणाली. मैदानावर शिट्टी न वाजवता मुलींना थांबवायचा तो आवाज तिला पुष्कळ दिवसांनी सापडला. "यांचा कार्डिओग्राम खराब आला तर मी कुठे जाणार नाही, यांच्याजवळ बसेन. ते मला कोणी सांगायला नको. चांगला आला तर उद्या दुपारी मी ॲडमिट होणार. ऑपरेशन पुढे ढकलायला फोन कोणी करायचा नाही."

आमोद आणि सुरुची वडिलांना घेऊन गेले. गाडी काढायला केयूरही गेला. घर रिकामं झालं, पानं तशीच राहिली. मंदाकिनी टेबलाला धरून उठायला लागली तशी स्पृहाने तिला खाली बसवलं.

"आई, ते येईपर्यंत काय करायचं?"

"चहा टाक," मंदाकिनी म्हणाली. "मी काही सोडलेलं नाही, आणि तुझं मोडलंय."

दोघींनी चहाबरोबर सुरुचीची जिलबी खाल्ली. स्पृहाला ओळखायला आपण फार वर्षं घेतली असं मंदाकिनीला वाटलं. तिने तसं सांगितलंही. स्पृहाने आणखी एक जिलबी तिच्या बशीत ठेवली. फोन वाजला तो स्पृहाने उचलला. आमोद होता. कार्डिओग्राम गेल्या वेळेसारखाच होता. डॉक्टरांनी बाबांना झाडलं, आणि काकूंच्या ऑपरेशनला माझी काही हरकत नाही, असंही सांगितलं. मंदाकिनीने डोळे पुसले आणि उरलेला चहा पिऊन टाकला.

संध्याकाळी सगळे आपापल्या घरी गेल्यावर श्यामराव तिच्या बॅगेत टॉवेल भरत बसले. घड्या मोडून पुन्हा घालत होते.

"रागावलीस?"

"हो."

"मला वाटलं, तू एकटी तिथे आत जाणार. मी बाहेर बाकावर बसून नुसता वर्तमानपत्र वाचणार. काहीतरी तुझ्यासारखं माझंही व्हावं."

"मी बाहेर आले आणि बाकावर तुम्ही नसता, तर गुडघे घेऊन मी काय करणार होते?" तिने विचारलं. "कोणाबरोबर जाणार होते तळजाईला?"

श्यामरावांच्या हातातली घडी तशीच राहिली.

"आता नियम माझा," ती म्हणाली. "सासूबाईंचा झाला जुना. मी सोडेन ते तुम्ही सोडायचं नाही, मी करेन ते करायचं. मी गोळी घेईन तेव्हा तुम्ही तुमची घ्यायची, माझ्यासमोर. मी चालेन तेव्हा चालायचं."

"आणि तुझी गोळी बंद असेल तेव्हा?"

"तेव्हा मी तुमच्याकडे बघत बसेन."

"ते तर तू रोजच करतेस," श्यामराव म्हणाले, आणि घडी बॅगेत ठेवली.

ऑपरेशन नीट पार पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी श्रद्धा नावाची फिजिओथेरपिस्ट मुलगी वॉकर घेऊन खोलीत आली आणि काकू, उठायचं, म्हणाली. पाय हलता ठेवायचा, रक्त एका जागी बसू द्यायचं नाही, रात्रीपासून गोळीही सुरू आहे, घाबरायचं नाही. मंदाकिनी स्वतः पुष्कळ मुलींना असंच म्हणाली होती; त्यांना तेव्हा काय वाटलं असेल ते तिला आता कळलं. पाय जमिनीला टेकला तशी डोळ्यांपुढे काजवे चमकले. तिने दात आवळले, मनातल्या मनात एक-दोन-तीन-चार म्हटलं आणि वॉकर पुढे टाकला.

दारात श्यामराव उभे होते. घरी जाऊन अंघोळ करून आले होते, इस्त्रीचा शर्ट घातला होता. ते तिच्या बाजूला आले आणि हात पाठीमागे बांधून तिच्याच चालीने चालायला लागले. ती थांबली की थांबायचे. बाहेर पॅसेजमध्ये आल्यावर तिला जरा उमेद आली.

"तळजाई अजून किती लांब आहे?" तिने विचारलं.

"ही चढण संपली की आलंच."

ती हसली, आणि हसताना तिने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. हनुवटीवर वर्तमानपत्राचा कपटा चिकटला होता, आणि त्याच्या मधोमध लाल ठिपका होता.

"आज काय, अग्रलेख?"

"राशिभविष्य."

"काय म्हणतंय?"

"वाचायच्या आत भिजलं."

"बरं झालं," मंदाकिनी म्हणाली आणि वॉकर पुढे सरकवला.